शेजाऱ्यांचा नकार, धावपट्टीचा होकार : इराक युद्धावरील एका ऑनलाइन अभ्यासवर्गाचे परीक्षण

पुण्यातील एका संस्थेने मराठीतून चालवलेला सहा सत्रांचा ऑनलाइन अभ्यासवर्ग मी गेल्या पावसाळ्यात पूर्ण केला. शुल्क भरण्यापूर्वी त्याविषयी कोणी सविस्तर लिहिलेले मला कोठेही सापडले नाही, म्हणून ते काम आता मीच करते आहे. एखाद्या हुकूमशहावर बाहेरची महासत्ता चालून जाते, तेव्हा त्याच्या शेजारची राष्ट्रे मोठ्या आवाजात जो विरोध नोंदवतात तो खरा असतो का, हा या वर्गाचा विषय होता. मुख्य उदाहरण 2003 च्या इराक युद्धाचे होते आणि शेवटच्या सत्रात जोडीला 1979 चा युगांडा होता. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे संस्थेचे आणि व्याख्यात्यांचे नाव देत नाही. ज्यांना शोधायचे आहे त्यांना ते विषयावरूनच सापडेल.

आधी व्यवहाराच्या गोष्टी. शुल्क 2,400 रुपये होते. दर रविवारी संध्याकाळी सात ते साडेआठ व्याख्यान, त्यानंतर अर्धा तास प्रश्नोत्तरे, ध्वनिचित्रमुद्रण तीन महिने उपलब्ध, एक चौसष्ट पानी पुस्तिका, आणि प्रत्येक सत्रानंतर दहा गुणांची चाचणी, असा सगळा संच मिळाला. व्याख्याते निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचे मराठी स्वच्छ आहे, नकाशा उघडल्याशिवाय ते कोणत्याही देशाविषयी बोलत नाहीत, आणि वेळ पाळतात. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात असलेला ऑनलाइन वर्ग मी पूर्वी केलेला नाही. पैसे फुकट गेले नाहीत, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढची नाराजी वाचताना गैरसमज होणार नाही.

मी या वर्गाकडे वळले त्याला घरगुती कारण आहे. 2001 ते 2006 या काळात मी कुवेतमध्ये एका खाद्यपुरवठा कंपनीच्या लेखा विभागात नोकरीला होते. जानेवारी 2003 पासून पाव, अंडी आणि बाटलीबंद पाण्याच्या आमच्या चलनांवर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नुसते आकडे येऊ लागले, आणि ते माल घेऊन जाणारे चालक उत्तरेकडच्या रस्त्याने निघून रात्री उशिरा धुळीने माखलेले परत येत. देशाचा उत्तर भाग लष्करी क्षेत्र म्हणून बंद झाला होता आणि तेथे अमेरिकी फौज जमत होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. कार्यालयातील टीव्हीवर मात्र एकामागून एक अरब नेते येऊन इराकवरील हल्ल्याला आपला ठाम विरोध असल्याचे सांगत होते. ती बातमी ऐकत ऐकत मी पावांच्या लाद्यांची बेरीज करत असे. टीव्ही खरा की चलन खरे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, आणि याच प्रश्नावर सहा रविवार घालवायला मिळणार म्हणून मी नोंदणी केली.

पहिले सत्र 1990-91 च्या पार्श्वभूमीचे होते आणि ते ठीकठाक झाले. सद्दामने 2 ऑगस्ट 1990 रोजी कुवेत गिळंकृत केला, चारच दिवसांनी अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री डिक चेनी सौदी अरेबियातील जेद्दाह येथे पोहोचले आणि तेथील राजे फाहद यांनी परदेशी सैन्याला आपल्या भूमीवर येऊ दिले. 10 ऑगस्टला कैरोच्या अरब शिखर परिषदेत 12 देशांनी सौदीच्या संरक्षणासाठी अरब फौजा धाडण्याच्या बाजूने मत दिले, आणि पुढे इजिप्तबरोबर सीरियाच्याही फौजा त्या आघाडीत उतरल्या. हा क्रम व्याख्यात्यांनी नीट उलगडला. जॉर्डनची गोष्ट मात्र त्यांनी एका वाक्यात उरकली, आणि ती चूक पुढच्या सत्रांना भोवली. त्या वेळी जॉर्डनचे राजे हुसेन यांनी सद्दामविरोधी आघाडीत जायला नकार दिला होता, आणि त्याची किंमत जॉर्डनने रोख मोजली : आखाती देशांची मदत थांबली आणि कुवेतमधून लाखो पॅलेस्टिनी-जॉर्डनी माणसे परत येऊन थडकली. कुवेतमधील एक लाखाहून अधिक भारतीय जॉर्डनची राजधानी अम्मान येथून विमानांनी मुंबईला आले, त्यामुळे आपल्याकडे अम्मानची आठवण वेगळ्या कारणाने राहिली आहे. विरोध केल्यावर काय होते हे ज्या देशाने एकदा भोगले आहे, तो दुसऱ्या वेळी कसा बोलेल आणि कसा वागेल, हे कळायला हा धागा हातात असणे आवश्यक होते.

दुसरे सत्र म्हणजे या वर्गाचे पहिले बलस्थान. यात व्याख्यात्यांनी युद्धापूर्वीच्या वर्षभरातील जाहीर ठराव एकेक करून पडद्यावर आणले आणि त्यातील शब्द वाचायला शिकवले. मार्च 2002 मध्ये चेनी, आता उपाध्यक्ष म्हणून, या प्रदेशाचा दौरा करून गेले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बैरुतच्या अरब शिखर परिषदेत इराकवरील हल्ल्याच्या धमकीचा निषेध झाला. तेथे सौदीचे युवराज अब्दुल्ला यांनी सद्दामचे दूत इज्जत इब्राहिम अल-दूरी यांना सर्वांसमोर आलिंगन दिले, ते दृश्यही दाखवले गेले. 23 जानेवारी 2003 रोजी तुर्कस्तानने इराण, सीरिया, जॉर्डन, सौदी अरेबिया आणि इजिप्त यांच्या परराष्ट्रमंत्र्यांना इस्तंबूलला बोलावले. तेथील निवेदनात रोख वॉशिंग्टनपेक्षा बगदादकडे अधिक होता : संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र-तपासनिसांना सहकार्य करा, शेजाऱ्यांशी नीट वागा. हा फरक मी तरी आजवर कोणाकडून ऐकला नव्हता.

याच सत्रातील सर्वांत उपयुक्त अर्धा तास 1 मार्च 2003 रोजी इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे भरलेल्या अरब शिखर परिषदेला मिळाला. सामान्य प्रेक्षकाच्या लक्षात त्या परिषदेतील लिबियाचे गद्दाफी आणि सौदीचे युवराज अब्दुल्ला यांची थेट प्रक्षेपणात झालेली खडाजंगी राहिली आहे. व्याख्यात्यांनी ती दोन मिनिटांत संपवली आणि ठरावाकडे वळले. इराकच्या किंवा कोणत्याही अरब देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचवणाऱ्या लष्करी कारवाईत सहभागी होण्याचे सदस्यांनी टाळावे, असा त्याचा आशय होता. आता सहभाग म्हणजे नेमके काय? विमान आपले नाही, वैमानिक आपला नाही, बाँब आपला नाही, फक्त धावपट्टी आपली आहे, तर तो सहभाग की नुसते आतिथ्य? ठरावाने ही व्याख्या केलीच नाही, आणि न करणे हेच त्या मसुद्याचे कसब होते. कारण ज्या सभागृहात तो संमत होत होता तेथेच कुवेत बसला होता, ज्याच्या भूमीवर हल्ल्याची फौज जमली होती. कतार होता, जेथे अमेरिकी मध्य कमांडचे आघाडीचे मुख्यालय थाटले होते. आणि बहरीन होता, जेथे पाचव्या आरमाराचा तळ होता. संयुक्त अरब अमिरातीचे शेख झायेद यांनी त्याच परिषदेकडे, सद्दामने पद सोडून परदेशी निघून जावे, असा प्रस्ताव पाठवला होता, पण त्यावर औपचारिक चर्चासुद्धा झाली नाही. चार दिवसांनी दोहा येथे इस्लामी देशांची बैठक भरली, तेव्हा हेच अल-दूरी कुवेतच्या प्रतिनिधीला सर्वांदेखत माकड म्हणाले आणि त्याच्या मिशांना शाप देऊन मोकळे झाले. आलिंगनापासून मिशांपर्यंतचा हा प्रवास एका वर्षाच्या आतला आहे, असे प्राध्यापक कोरड्या चेहऱ्याने म्हणाले, आणि पडद्यावरच्या सगळ्या छोट्या चौकटींमध्ये माणसे हसताना दिसली.

तिसऱ्या सत्रात माझे आणि त्यांचे बिनसले.

या सत्राचा विषय सौदी अरेबिया होता. व्याख्यात्यांचा सिद्धान्त असा की शेजाऱ्यांचा विरोध हा निव्वळ देखावा होता. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. त्यांचे पुरावे भक्कम आहेत, आणि ते मी नाकारत नाही. आपल्या भूमीवरून इराकवर हल्ला होऊ देणार नाही, असे सौदी सरकार जाहीरपणे सांगत होते, पण रियाधच्या दक्षिणेकडील प्रिन्स सुलतान तळावरील नियंत्रण केंद्रातूनच 2003 च्या हवाई युद्धाची सूत्रे हलत होती. इराक सीमेजवळच्या अरार येथील विमानतळावर अमेरिकी पथके होती, आणि बाहेर सांगायला निर्वासितांच्या सोयीचे कारण होते. युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी जहाजांवरून सुटलेली काही टॉमहॉक क्षेपणास्त्रे भरकटून सौदी वाळवंटात पडली आणि अमेरिकेला त्या मार्गाने मारा थांबवावा लागला. हवाई हद्द खुली होती याची कबुली एखाद्या प्रवक्त्याने देण्याऐवजी ती अशी आकाशातून पडली. शिवाय युद्धाच्या काळात भाव भडकू नयेत म्हणून सौदीने तेलाचे उत्पादन वाढवले. मराठीत पाहुण्याच्या हातून साप मारून घेणे म्हणतात, ते हेच, असे व्याख्याते म्हणाले आणि सत्र संपले.

ही म्हण येथे चपखल बसते असे प्रथमदर्शनी वाटते, पण तिच्यात एक गृहीतक आहे : साप मारल्यावर पाहुणा काठी टेकवून आपल्या घरी निघून जातो. सौदी राज्यकर्त्यांची भीती नेमकी येथे होती. सद्दाम जावा असे त्यांना वाटत होते यात मला शंका नाही. पण तो राजवाड्यातल्या राजवाड्यात, एखाद्या सेनापतीच्या हातून जावा, आणि इराकचा सांगाडा जसाच्या तसा राहावा, अशी त्यांची इच्छा होती. 1980 ते 1988 या आठ वर्षांत इराणला थोपवण्यासाठी याच सौदी आणि कुवेतने इराकला अब्जावधी डॉलर पुरवले होते. इराकमध्ये शिया बहुसंख्य आहेत. तेथील राज्ययंत्रणा परक्या फौजेने मोडली तर तिच्या जागी जे येईल ते तेहरानच्या जवळचे असेल, हा हिशेब रियाधमध्ये कोणालाही तोंडपाठ होता. त्यामुळे सौदीचा नकार एका गोष्टीपुरता खोटा आणि दुसऱ्या गोष्टीपुरता अगदी खरा होता. सद्दामला हटवण्याला त्यांची हरकत नव्हती, इराकचा ताबा घेण्याला होती. ती हरकत त्यांनी अडवून का धरली नाही, तर अमेरिकेचे संरक्षण गमावण्याची भीती त्याहून मोठी होती. पुढे इराकमध्ये जे घडले ते पाहता, रियाधने बंद दाराआड बाळगलेली धास्ती त्याच्या जाहीर भाषणांपेक्षा कितीतरी अधिक अचूक ठरली. एप्रिल 2003 च्या अखेरीस अमेरिकेने सौदीतून आपले बहुतेक सैन्य हलवण्याची घोषणा केली आणि हवाई नियंत्रण केंद्र कतारमधील अल उदैदला गेले. विरोध केवळ देखावाच असता तर ही पाठवणी इतक्या तातडीने झाली नसती, असे मला वाटते. प्रश्नोत्तरांत मी हे मांडले, व्याख्यात्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि मग चाचणी आली.

चाचणीचा सातवा प्रश्न असा होता : “2003 मध्ये इराकच्या शेजारी राष्ट्रांचा लष्करी कारवाईला असलेला विरोध खरा होता का?” उत्तरासाठी दोनच गोल होते, ‘होय’ आणि ‘नाही’. इराकला सहा शेजारी आहेत : तुर्कस्तान, इराण, कुवेत, सौदी अरेबिया, जॉर्डन आणि सीरिया. त्यांतला एक उघडपणे युद्धाच्या बाजूला होता, एकाच्या संसदेने खरोखर दार अडवले, दोघांनी पुढच्या दाराला कुलूप लावून मागची खिडकी उघडी ठेवली, आणि उरलेल्या दोघांची तर स्वतंत्र कहाणी आहे. या सहांसाठी मिळून एक गोल काळा करायचा. मी ‘होय’ निवडले, कारण ‘नाही’ अधिक चुकीचे वाटले, आणि लाल फुली मिळाली.

या दोन मागच्या खिडक्यांपैकी दुसरी जॉर्डनची, आणि तिला संपूर्ण वर्गात मोजून सात मिनिटे मिळाली. मला सर्वांत अधिक खटकलेली गोष्ट हीच. जॉर्डन आपल्या गरजेचे जवळजवळ सगळे तेल इराककडून घेत होता, त्यातले निम्मे फुकट आणि निम्मे सवलतीच्या दराने. ते नळातून येत नव्हते, टँकरच्या रांगांतून वाळवंटी महामार्गाने येत होते. म्हणजे सद्दाम गेला तर अम्मानमध्ये चूल कशी पेटणार, हा प्रश्न राजे अब्दुल्ला द्वितीय यांच्यापुढे अक्षरशः होता. रस्त्यावर जनमत पेटलेले, लोकसंख्येत पॅलेस्टिनी वंशाचे लोक मोठ्या प्रमाणात, आणि गाठीला 1990 चा अनुभव. त्यांनी काय केले? युद्धाला विरोध जाहीर केला, अमेरिकी पेट्रिअट क्षेपणास्त्रविरोधी तोफखाना केवळ बचावासाठी म्हणून देशात घेतला, पूर्वेच्या वाळवंटातून विशेष पथके पश्चिम इराकमध्ये शिरली तेव्हा मूग गिळले, आणि युद्ध सुरू होताच काही इराकी मुत्सद्द्यांना देशाबाहेर काढले. तेलाची सोय सौदी, कुवेत आणि अमिरातीने केली. 1990 मध्ये ज्यांनी हात आखडता घेतला, त्यांनीच 2003 मध्ये हात सैल सोडला. याला खोटा विरोध म्हणायचे की पोळलेल्या माणसाची सावधगिरी? पहिल्या सत्रात जॉर्डनला न्याय मिळाला असता, तर हा प्रश्न वर्गात आपोआप उभा राहिला असता.

चौथ्या सत्राविषयी मात्र हातचे काही न राखता लिहिते. तुर्कस्तानवरचे हे दीड तासाचे व्याख्यान एकटे 1,000 रुपयांना विकले तरी मी घेईन. अमेरिकेला आपली चौथी पायदळ डिव्हिजन तुर्कस्तानमार्गे उत्तर इराकमध्ये उतरवायची होती. त्यासाठी सुमारे 62,000 सैनिकांना तुर्की भूमीवर येऊ देण्याचा ठराव अंकारातील संसदेपुढे आला. बदल्यात अब्जावधी डॉलरची मदत देऊ केली होती, आणि तिच्यावर कित्येक आठवडे घासाघीस चालली होती. साहित्याने भरलेली जहाजे किनाऱ्याजवळ ताटकळत होती. पंतप्रधान अब्दुल्ला गुल होते. सत्ताधारी पक्षाचे खरे नेते एर्दोगान तेव्हा खासदारही नव्हते, ते आठवडाभराने सिर्तच्या पोटनिवडणुकीतून निवडून आले. 1 मार्च 2003 रोजी मतदान झाले : बाजूने 264, विरोधात 250, तटस्थ 19. ठराव मंजूर झाला अशी बातमी काही काळ फिरलीसुद्धा. मग अध्यक्षांनी आकडेमोड जाहीर केली : उपस्थित 533, त्यांच्या निम्म्याहून अधिक म्हणजे 267 मते हवीत, म्हणून ठराव तीन मतांनी पडला. व्याख्यात्यांनी हे तीन आकडे कोऱ्या पडद्यावर लिहिले आणि अर्धा मिनिट काहीच बोलले नाहीत. ती जहाजे पुढे सुएझमधून वळसा घालून कुवेतकडे गेली, म्हणजे माझ्या चलनांवरचे आकडे आणखी वाढणार होते, हे मला त्या रविवारी प्रथमच कळले.

येथे त्यांनी एक सुरेख निरीक्षण नोंदवले : सरकारचा होकार आणि लोकांचा नकार यांच्यामध्ये मतपेटी असेल तरच लोकांचा नकार धावपट्टीपर्यंत पोहोचतो. शर्म अल-शेखचा ठराव आणि अंकाराचे मतदान एकाच दिवशी झाले. एका ठिकाणी राज्यकर्त्यांनी एकमुखाने नकार दिला आणि फौजा जागच्या हलल्या नाहीत. दुसऱ्या ठिकाणी होकाराला अधिक मते पडली आणि तरी फौजांना समुद्रातून परत फिरावे लागले. तरीही तुर्कस्तानला देवघरात बसवण्याचा मोह त्यांनी टाळला. युद्ध सुरू झाले त्याच दिवशी, 20 मार्चला, त्याच संसदेने अमेरिकी विमानांना हवाई हद्द खुली करून दिली, आणि तुर्की नकारामागे नीतीइतकीच उत्तर इराकमधील कुर्दांच्या स्वतंत्र सत्तेची धास्ती होती, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. दुर्दैव इतकेच की हे सत्र तिसऱ्याच्या सिद्धान्ताला सरळ छेद देते, आणि त्याचा मेळ घालण्याचा प्रयत्न पुस्तिकेत किंवा चाचणीत कोठेही नाही.

पाचवे सत्र इराण आणि सीरियाचे. त्या रविवारी ठाण्यात वीज गेल्यामुळे मला ते मुद्रणावरून पाहावे लागले, आणि मुद्रणाची पहिली बारा मिनिटे गायब होती. कार्यालयाला तीन वेळा लिहिल्यावर ‘तांत्रिक अडचण’ एवढेच उत्तर आले. उरलेले सत्र मध्यम आहे. सीरियाने 8 नोव्हेंबर 2002 रोजी सुरक्षा परिषदेत, इराकला निःशस्त्र होण्याची शेवटची संधी देणाऱ्या ठराव 1441 च्या बाजूने हात वर केला आणि तो 15 विरुद्ध शून्य असा एकमताने संमत झाला. त्याच सुमारास किर्कुकहून बनियासकडे येणाऱ्या नळातून सीरिया स्वस्त इराकी तेलही घेत होता. त्यामुळे सीरियाचा युद्धाला विरोध हा बहुधा सर्वांत प्रामाणिक होता, कारण त्यात तत्त्व आणि खिसा दोन्ही एका बाजूला होते. ही शेवटची टिप्पणी माझी आहे, व्याख्यात्यांची नव्हे. इराणबाबत त्यांनी चांगला पेच मांडला : ज्याने आठ वर्षे युद्ध लादले आणि रासायनिक अस्त्रे वापरली, तो शत्रू आपल्या दुसऱ्या शत्रूच्या हातून जात असेल, तर विरोध करायचा तो कोणत्या तोंडाने? तेहरानने युद्धाचा निषेध केला, आणि वीस वर्षे आपल्याकडे सांभाळलेल्या इराकी शिया संघटनांना पुढच्या दिवसांसाठी तयार ठेवले.

सहाव्या सत्रातील युगांडा घाईत उरकला गेला, आणि त्याची मला हळहळ आहे, कारण तेथे प्रश्नच उलटा होतो. तेथे कारवाई करणारा शेजारीच होता. ऑक्टोबर 1978 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या फौजेने टांझानियाचा कागेरा भाग व्यापला. टांझानियाचे अध्यक्ष ज्युलिअस न्येरेरे यांच्या सैन्याने तो सोडवला, पुढे मुसंडी मारली, आणि 11 एप्रिल 1979 रोजी युगांडाची राजधानी कंपाला पडली. अमीनच्या जाण्याने आफ्रिकेत फारसे कोणी रडले नाही, तरी जुलै 1979 मध्ये मन्रोव्हियाच्या आफ्रिकी एकता संघटनेच्या परिषदेत सुदानचे नुमैरी आणि नायजेरियाचे ओबासांजो यांनी टांझानियावर टीका केली. अमीनच्या कत्तली चालू असताना या संघटनेने कधी तोंड उघडले नव्हते, आणि 1975-76 मध्ये तर तोच तिचा अध्यक्ष होता. आज शेजाऱ्याच्या घरात शिरायला मुभा दिली तर उद्या आपल्याही दाराशी कोणी येईल, ही भीती या विरोधाच्या मुळाशी असते. इराकच्या प्रकरणातही हीच भीती वावरत होती. हा धागा वीस मिनिटांत गुंडाळण्यासारखा नव्हता.

आता पुस्तिका. नकाशे चांगले आहेत, सनावळी बिनचूक आहे, परंतु मजकूर इंग्रजी टिपणांवरून मराठीत आणल्याचे जागोजागी जाणवते, आणि एका ठिकाणी त्याने अर्थाचा घोटाळा केला आहे. पान 51 वर म्हटले आहे की भारतीय संसदेने एप्रिल 2003 मध्ये इराकवरील हल्ल्याबद्दल ‘खेद’ व्यक्त केला. त्या ठरावाची खरी गंमतच या भाषांतरात हरवली. वाजपेयी सरकारला अमेरिकेला दुखवायचे नव्हते आणि विरोधी पक्षांना धिक्कार हवा होता. तोडगा असा निघाला की हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द ठेवायचा आणि इंग्रजीत त्यापेक्षा सौम्य ‘डिप्लोअर’. 8 एप्रिलला लोकसभेत, मनोहर जोशी अध्यक्षपदी असताना, ठराव एकमताने संमत झाला. घरच्यांना एक शब्द ऐकू आला, बाहेरच्यांना दुसरा. शेजारी राष्ट्रांच्या दुहेरी भाषेवरील पुस्तिकेत आपल्याच घरचे इतके नेमके उदाहरण हाताशी असताना ते ‘खेद’ या शब्दाखाली पुरले जावे, याचे वाईट वाटले.

प्रश्नोत्तरांत मी आणखी एक घरचे उदाहरण दिले होते. जानेवारी 1991 मध्ये, पहिल्या आखाती युद्धाच्या वेळी, चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिले होते. बातमी फुटल्यावर काँग्रेसने गदारोळ केला आणि फेब्रुवारीत ही सवलत बंद झाली. सहारच्या धावपट्टीवर आपण जे केले आणि अरारच्या धावपट्टीवर सौदीने जे केले, त्यांत अंतर किती? व्याख्याते मनमोकळे हसले आणि पुढच्या तुकडीत हे उदाहरण घेईन असे म्हणाले. त्यांच्याविषयीचा माझा आदर या उत्तराने वाढला.

24 मार्च 2003 रोजी अरब लीगच्या परराष्ट्रमंत्र्यांनी कैरोत आक्रमक फौजांनी तात्काळ माघार घ्यावी असा ठराव केला, आणि एकट्या कुवेतने त्याला हरकत नोंदवली. पाचच दिवसांनी मध्यरात्रीनंतर एक इराकी क्षेपणास्त्र कुवेत शहरातील सूक शर्क या समुद्रकाठच्या बाजारपेठेला येऊन लागले. सालमियातल्या आमच्या खोलीच्या काचांना कागदी चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. सकाळी मी त्या तशाच ठेवून कामावर गेले आणि पुन्हा चलने लिहू लागले. कुवेतच्या त्या एका हरकतीविषयी वर्गात कोणी उपहासाने बोलले तेव्हा मी काही म्हटले नाही, पण उपहास मला पटला नाही. सहा शेजाऱ्यांमध्ये जो बोलला तसा वागला, असा तो एकच होता.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी : दुसरे आणि चौथे सत्र पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहे, तिसरे सावधपणे ऐकावे, पाचव्यासाठी थेट हजर राहावे आणि मुद्रणावर विसंबू नये. पुस्तिका नकाशांसाठी जपून ठेवावी. पूर्वी या विषयावर काहीही न वाचलेल्या माणसाला तिसऱ्या सत्राचा सिद्धान्त फार सोपा आणि म्हणून फार आकर्षक वाटेल, एवढाच धोका आहे. पाचांपैकी मी साडेतीन तारे देते; चाचण्या काढून टाकल्या तर चार दिले असते. सातव्या प्रश्नाविषयी मी लेखी हरकत घेतली होती. नऊ दिवसांनी कार्यालयाचे उत्तर आले की गुणांकन संगणकीय असल्यामुळे बदल होणार नाही, परंतु पुढील तुकडीसाठी त्या प्रश्नाला ‘अंशतः’ असा तिसरा गोल जोडण्यात येईल.